टाकीवरून ठेवलेलं नाव

जुलै महिन्यात साय-बुलाक गावात पुरतं जागं असं कोणी नसतं. तरुण मंडळी, मेंढ्या, घोडे, कुत्री आणि गावातल्या निम्म्या कढया वर डोंगरातल्या कुरणांवर गेलेल्या असतात. मागे उरतात म्हातारी माणसं, जर्दाळूची झाडं आणि सार्वजनिक वाचनालय. या वाचनालयात दुपारी दोनच्या सुमाराला बुरुल टेबलावर हनुवटी टेकून बसायची. कोणी टोकलं तर म्हणायची, "वाचत होते." पुस्तक उघडं असायचं हे खरं. डोळे मिटलेले असायचे हेही तितकंच खरं. पण मिटल्या डोळ्यांनी तिने जेवढे देश पाहिले होते, तेवढे उघड्या डोळ्यांनी गावात कोणीच पाहिले नव्हते, त्यामुळे तिला बोलायला तोंड नव्हतं कोणाला.

अशा या गावाला सरकारने 'डिजिटल कोपरा' दिला. म्हणजे तारेने आलेलं इंटरनेट, एक संगणक, त्याच्या डोक्यावर बारीकसा डोळा, बोटाचा ठसा घेणारी एक काळी डबी आणि भिंतीवर लावायची सूचना. गावाला त्याची गरज नव्हती असं नाही. डोंगराने गावाकडे अशी काही पाठ केली आहे की मोबाईल चालतो तो फक्त जुन्या पाण्याच्या टाकीवर, लोखंडी शिडीच्या सत्तावीस पायऱ्या चढून गेल्यावर. पूर्वी गावात श्रीमंत आणि गरीब असे दोन वर्ग होते. आता गुडघे असलेले आणि गुडघे नसलेले असे दोन झाले. ज्यांना गुडघे होते ते टाकीवर चढून रशियातल्या पोरांशी बोलत. ज्यांना नव्हते ते खाली उभे राहून वर बघत आणि "विचार, जेवला का!" असं ओरडत.

डिजिटल कोपऱ्याची बुरुलने तालुक्याला जाऊन तीन दिवसांची शिकवणी घेतली होती. त्यातले दोन दिवस वीज नव्हती आणि तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्याच्या मेव्हण्याचं लग्न होतं. प्रमाणपत्र मात्र झकास होतं. तिने ते काच लावून टांगलं आणि संगणकाला मेंढ्याच्या शिंगांच्या नक्षीचं एक पांघरूण भरून शिवलं. तीन महिने तो सुखाने झोपला होता. मग एका सोमवारी खोगीरवाले आके आले.

त्यांचं नाव ओमुराली. वय अठ्ठ्याहत्तर, डोक्यावर उंच पांढरी लोकरी टोपी, गुडघे नसल्यात जमा. हे नाव इथे लिहिता येतं, कारण लिहिणारा त्या घरची सून नाही. बुरुल त्यांच्या धाकट्या भावाची बायको, आणि सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही ही तिथली रीत. म्हणून मोठे दीर 'खोगीरवाले आके', चुलतसासरे 'मधमाशीवाले' आणि तिचे सासरे, अकरा वर्षांपूर्वी गेले ते, 'किल्लीवाले आबा'. हे वाचनालय त्यांनीच काढलं. घोड्यावर पुस्तकांची पोती लादून ते कुरणांवर वाटत फिरायचे. लग्नानंतर आठव्या दिवशी त्यांनी नव्या सुनेच्या हातात वाचनालयाची किल्ली ठेवली आणि म्हणाले, "सूनबाई, पीठ मळायला घरात पाच बायका आहेत. पुस्तकांना कोणी नाही." त्यांचा फोटो दारावर होता. दर जानेवारीत सरकारी अहवालात 'संस्थापकाचे नाव' हा रकाना यायचा, बुरुल तो कोरा सोडायची आणि कागद लाल वर्तुळ पडून परत यायचा. एकतीस वर्षं हेच चाललं होतं. आबा होते तेव्हा स्वतःचं नाव स्वतः लिहायला ते लाजायचे. दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यायचं तिला सुचलं नव्हतं असं नाही. पण ते नाव परक्या अक्षरात जावं हे तिच्या मनाला येत नव्हतं.

तर आके आले, बसले, आणि बराच वेळ खिडकीतून जर्दाळूकडे बघत राहिले.

"उलानला मुलगा झालाय," ते म्हणाले.

"ठाऊक आहे, आके. छत्तीस दिवस झाले की. तुम्ही बोकड कापलात, मीच आतडी धुतली."

"त्याला नाव नाही अजून."

उलान हे त्यांचं शेंडेफळ. रशियातल्या एका शहरात पाव भाजण्याच्या कारखान्यात होता. नातवाचं नाव आजोबांनी ठेवायचं, आणि तेही कानात हाक मारून, हे ठरलेलं होतं. चिठ्ठीने किंवा टाकीवर चढणाऱ्या कोणा पोराटोराच्या तोंडून नाव पाठवायला आकेंनी साफ नकार दिला होता. पोरगा आज ना उद्या घरी येईल, मग बघू, असं म्हणत त्यांनी दिवस काढले. पण तिकडे नोंदणीची मुदत टळली होती आणि साहेबाने शेवटचे पाच दिवस दिले होते.

"आणि ती घरमालकीण," आके खाली बघत म्हणाले, "पोराला एदिक म्हणते."

"काय?"

"एदिक. उलान म्हणतो, बाबा, तुम्ही नाव दिलं नाहीत तर मी तेच लिहीन, लिहायला सोपं आहे." त्यांनी टोपी सरळ केली. "सात पिढ्या मला तोंडपाठ आहेत, बुरुल. आठवीत एदिक बसवू कुठे?"

चाळिसाव्या दिवशी बाळाला चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घालतात. त्याच दिवशी या यंत्रातून आजोबांनी नातवाला बघून हाक मारायची, असं ठरलं. तिने पांघरूण काढलं. यंत्राने डोळा उघडला आणि पहिलाच प्रश्न टाकला: 'वाचकाचे पूर्ण नाव.'

आता आली का पंचाईत! बुरुलची बोटं अधांतरीच राहिली. नाव उच्चारायचं नाही, पण टंकायचं की नाही? तिने थोडा विचार केला आणि अदबीने लिहिलं: 'खोगीरवाले आके.' यंत्र गुरगुरलं आणि उत्तरलं: 'अशी व्यक्ती अस्तित्वात नाही.'

"काय म्हणतंय?"

"काही नाही, आके. जरा थांबा म्हणतंय."

"मला वाचता येतं, बुरुल." ते काठी टेकत उठले. "अठ्ठ्याहत्तर वर्षांत असं तोंडावर कोणी म्हणालं नव्हतं."

संध्याकाळपर्यंत, ओमुराली अस्तित्वात नसल्याची बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी सल्ला द्यायला माणसं आली, कारण जुलैत दुसरं कामच नसतं. आकेंची बहीण झूराकान, म्हणजे बुरुलची नणंद, बोर्सोकची परडी घेऊन आली आणि तळलेल्या पिठाचा तो एकेक गोळा तोंडात टाकत तिने निकाल दिला.

"टंकणं म्हणजे बोलणंच. हात आणि जीभ एकाच बाईचे ना?"

"पण वन्सं, आवाज तर होत नाही."

"टकटक होते की!"

गुरांचे निवृत्त डॉक्टर मुकाश पोट सांभाळत आले. ते म्हणाले, "मी काल त्याच्याबरोबर चहा प्यालोय. लिहून देतो ना मी, की तो आहे म्हणून." त्यांच्याकडे जुने सरकारी छापील अर्ज शिल्लक होते, त्यातल्या एकावर त्यांनी सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं: 'रंग गव्हाळ, दात नऊ, खूर कमजोर, एरवी सशक्त. स्थलांतरास हरकत नाही.' बुरुलने ते यंत्राच्या डोळ्यापुढे धरून तालुक्याला पाठवलं. उत्तर लगेच आलं: 'आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तीस दिवसांत कळवू.' एवढ्या दिवसांत एदिक रांगायला लागला असता.

शेवटी आकेंनी स्वतःच टंकायचं ठरवलं. पण खोगिरं शिवून त्यांची बोटं अशी झाली होती की एका दाबात तीन अक्षरं उठत. तेव्हा त्यांनी कमरेची आरी काढली, तिचं टोक मुठीत धरलं आणि लाकडी मुठीने, कातड्यावर खूण करावी तसं एकेक अक्षर ठोकलं. बुरुल तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी होती. यंत्राने कबूल केलं की होय, ओमुराली म्हणून कोणी आहे. झूराकानने टाळ्या वाजवल्या.

"आता बोट ठेवा," यंत्र म्हणालं.

बोट ठेवलं. यंत्राला बोट दिसेना. साठ वर्षं मेण लावलेला दोरा ओढून ओढून आकेंच्या बोटांवरच्या रेषा कधीच्या पुसून गेल्या होत्या. काळ्या डबीच्या मते हा माणूस आहे, पण त्याला बोटं नाहीत. झूराकानने मेंढीच्या शेपटीची चरबी चोळली. मुकाशनी कोमट ताकात बुडवायला सांगितलं, कारण घोड्याच्या खुरांना गुण येतो. वाचनालयाला खाणावळीचा वास सुटला आणि मांजरं जमली. तिसऱ्या दिवशी बुरुल बसल्या जागी डुलकी घेत असताना तिला स्वप्नात किल्लीवाले आबा दिसले. ते चहाचा कटोरा धरून बसले होते आणि करंगळी तेवढी बाहेर काढलेली होती. ती दचकून जागी झाली.

"आके, शिवताना करंगळी कुठे असते?"

"कुठे असणार? हवेत. तिला काय काम?"

बिनकामाच्या त्या करंगळीवर सगळ्या रेषा जशाच्या तशा होत्या. डबीने हिरवा दिवा लावला. ज्या बोटाने जन्मात काम केलं नाही, सरकारने ओळखलं ते नेमकं तेच, यावर मुकाश अर्धा तास बोलले.

मग यंत्राने सांकेतिक शब्द मागितला आणि बजावलं की हा कोणालाही सांगू नये. हुकूम आकेंनी मनावर घेतला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. बुरुल जर्दाळूखाली जाऊन बसली. ऊन पानांतून गळत होतं, कालव्याचं पाणी कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलत होतं. घटकाभर ती कुठे होती कोण जाणे. समुद्रावर असावी. परत आली तेव्हा आत मेणाचा गोड वास होता आणि आके आरी कमरेला खोचत होते.

"झालं?"

"झालं. तुझ्या त्या यंत्राचं आणखी एक बारीकसं काम राहून गेलं होतं. तेही करून टाकलं."

बुरुलला वाटलं, सांकेतिक शब्दात एखादा आकडा राहिला असेल. शिकलेल्या बाईने फार चौकशी करू नये म्हणून ती गप्प बसली.

चाळिसाव्या दिवशी वाचनालयात उरलंसुरलं गाव जमलं. एकूण अकरा माणसं आणि बावीस गुडघे, त्यातले धड दोन, तेही बुरुलचे. बावन्न वर्षांची बुरुल त्या खोलीत सगळ्यांत तरुण होती. आकेंनी नवा अंगरखा घातला होता. पडद्यावर आधी निळं धुकं आलं, मग धुक्यातून एक खोली, उलान, त्याची बायको मेरिम, चाळीस तुकड्यांचं अंगडं घातलेलं एक लालबुंद गाठोडं आणि मागे कणकेच्या पोत्यासारखी घरमालकीण.

"बाळा!" आके म्हणाले आणि पडद्याजवळ सरकले.

तिकडून आवाज आला, स्वच्छ. "बाबा? बाबा, दिसताय. बोला ना!"

"बोलतोय! अरे, बोलतोय!"

"बाबा, तोंड हलतंय, आवाज येत नाही!"

मग व्हायचं तेच झालं. सगळे एकदम ओरडले. मुकाशनी यंत्राच्या पाठीवर थापट्या मारल्या, अडलेल्या गायीला मारतात तशा. बुरुलने प्रत्येक कळ दाबून पाहिली, तेव्हा पडदा एकदा उलटा झाला आणि नातू छताला लोंबकळलेला दिसला. झूराकान रडायला लागली. तिकडे मेरिमच्या हातातला लाकडी चमचा पाण्यावर थबकला होता आणि पाणी निवत होतं.

"बाबा, तीनला माझी पाळी आहे," उलान काकुळतीला येऊन म्हणाला. "आणि कचेरी उद्या बंद. आज संध्याकाळपर्यंत कागद द्यायलाच हवा. नाहीतर..."

"एदिक," घरमालकीण प्रेमाने म्हणाली आणि बाळ हसलं.

बुरुलने कपाटातली सूचिपत्रकं ओढली आणि मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून यंत्राच्या डोळ्यापुढे धरलं: 'थांब. नाव येतंय.'

"मग नावच लिही ना त्याच्यावर!" मुकाश म्हणाले. "दाखव की झालं."

"नाव कानातून आत जातं," आके गरजले. "डोळ्यातून जातं ते कुसळ!"

खिडकीतून टाकी दिसत होती, उन्हात पेंगलेली. बुरुलने टाकीकडे पाहिलं. मग तिला जाणवलं की दहाही जण आपल्या गुडघ्यांकडे बघताहेत.

"नाही हं," ती म्हणाली. "मी ग्रंथपाल आहे."

"चित्र इथे, आवाज तिथे," आके हळूच म्हणाले. "मी इथून बघेन. तू तिथून सांग. पोराटोराच्या तोंडून नको म्हणत होतो मी. तू घरातली थोर आहेस." त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि तिच्या कानात नाव सांगितलं.

बुरुलचा चेहरा पांढराफटक पडला.

"आके! दुसरं काही सुचलं नाही का हो तुम्हाला?"

"चाळीस दिवस दुसरं सुचतंय का तेच बघत होतो."

"माझ्या जिभेने ते कधी... त्यांच्या मयतीला रडतानासुद्धा मी नाव घेतलं नाही. सगळे नाव घेऊन रडत होते. मी नुसतं 'अहो किल्लीवाले, अहो किल्लीवाले' करत होते."

आकेंनी दुवा मागायला दोन्ही तळहात उघडले, खोलीतल्या सगळ्यांनी उघडले. "मी या घरात आता थोरला. मी तुला मोकळं करतो. जा, त्याला हाक मार. तीनदा." आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

बुरुलने शेवटचं पत्रक धरलं: 'तुझा फोन हातात घे.' मग ती निघाली.

सत्तावीस पायऱ्या. घागरा दातांत, मोबाईल डोक्याच्या रुमालाच्या गाठीत, चपला खाली. सातव्या पायरीला तिला आपलं प्रमाणपत्र आठवलं, बाराव्याला नवऱ्याची आठवण झाली, तो कुरणावर आरामात दूध पीत बसला असेल. विसाव्याला काहीच आठवेना. वर पोहोचली तेव्हा वारा होता आणि खाली सगळं गाव, कालवा, जर्दाळू, वाचनालयाचं पत्र्याचं छप्पर, कोणीतरी झोपेत रंगवल्यासारखं निवांत पडलं होतं. या वाटेने कधीकाळी एक घोडा पुस्तकांची पोती घेऊन जायचा. तो अजूनही जात असेल असं तिला वाटलं. आणि फोनवर पट्ट्या उभ्या राहिल्या.

"काकी?" उलानचा आवाज.

"बाळाच्या कानाला लाव," बुरुल धापा टाकत म्हणाली. "लावलास?"

"लावला."

कानात कोणाचा तरी इवलासा श्वास ऐकू आला. ओलसर, घाईघाईचा. बुरुलने तोंड उघडलं. एकतीस वर्षं दाराआड उभं असलेलं ते नाव आधी अडखळलं, मग बाहेर आलं.

"तुझं नाव एसेनगुल," ती म्हणाली. "एसेनगुल!"

थोड्या वेळाने फोनवर मेरिम आली, अगदी रडवेली.

"काकी, हे तर पणजोबांचं नाव. मीही सूनच ना! आता माझ्याच मुलाला मी हाक कशी मारू?"

बुरुल टाकीवर बसून एकटीच हसली, इतकी की शिडी हलली. "किल्लीवाला म्हण," ती म्हणाली. "मी एकतीस वर्षं म्हटलंय. चांगलं चालतं."

ती खाली उतरून आली तेव्हा पडदा काळा झाला होता आणि सगळे बोर्सोक खात होते. बाळाने हाक ऐकून मान वळवली, असं झूराकान शपथेवर सांगत होती. मुकाशच्या मते त्याला शिंक आली होती. तीन वाजायला पाच कमी असताना कागद भरला गेला होता.

बुरुलने पांघरूण घालण्यापूर्वी यंत्र पुसायला घेतलं. वरच्या डोळ्याशेजारी यंत्राच्या कानाचं एक बारीक भोक असायचं, ते सापडेना. तिथे पिवळट, गुळगुळीत, फार सुबक असं काहीतरी बसलं होतं. तिने नखाने खरवडून वास घेतला.

"आके, हे मेण आहे."

"मग! कारागिराने भोक तसंच सोडलं होतं." आके समाधानाने म्हणाले. "शिवणीला भोक राहिलं की पाणी आत जातं. मी बुजवलं."

बुरुल खुर्चीत बसली. सत्तावीस पायऱ्या तिच्या पोटऱ्यांतून एकेक करून परत उतरू लागल्या. रागवावं असं तिने ठरवलं होतं, पण म्हाताऱ्याचे डोळे इतके निवलेले होते की तिला जमेना.

"बुरुल," आके थोड्या वेळाने म्हणाले, "मी किती वेळा म्हणालो होतो?"

"तीनदा. तीनदाच म्हटलं मी."

"वाऱ्याची दिशा इकडची होती. आम्हाला इथे ऐकू आलं." त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं, त्या रेषा नसलेल्या बोटांवर. "सात वेळा."

झूराकानने तिच्यापुढे चहाचा कटोरा सरकवला. बुरुल दारावरच्या फोटोकडे बघत राहिली, आणि मग डोळ्यांतलं पाणी तिने लपवलं नाही.

सगळे गेल्यावर तिने खण उघडला. लाल वर्तुळ पडून आलेला यंदाचा अहवाल वरच होता. तिने लेखणी घेतली आणि रकान्यात एसेनगुल असं लिहिलं, सावकाश, आपल्या अक्षरात. मग कागद वाळेपर्यंत टेबलावर हनुवटी टेकून वाचत बसली.